आडवं ठेवलेलं घड्याळ

मित्रांनो, बेसिनच्या कडेवर साबणाशेजारी उभा असतो तो मी. दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ. काच धुरकटली आहे, पायाचा टवका उडाला आहे, म्हणजे मी आता जुनाच म्हणायचा. पण माझ्या वाळूचा एक दाणाही कमी झालेला नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्यावर आणि एका पाच वर्षांच्या मुलीवर नको ते खापर फोडलं गेलं.

कारखान्यात माझ्या पोटात निळी वाळू भरणाऱ्या बाई मोठ्या काटेकोर होत्या. दोन सेकंद इकडेतिकडे झाले तरी पुन्हा ओतायच्या, पुन्हा भरायच्या. तिथून मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आलो. त्यांनी मला भिंगरीच्या हातात ठेवलं. भिंगरी हे तिचं घरातलं नाव; एका जागी उभी राहील तर शपथ.

"हे उलटं करायचं काम तुझं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाळू संपेपर्यंत ब्रश फिरवायचा. मग आई एकदा फिरवेल."

पहिले आठ दिवस भिंगरी चुळबुळली, नाचली, आरशावर थुंकली. मग एकदा तिनं चूळ भरायला नळ सोडला, माझ्याकडे पाहिलं, नळ बंद केला आणि ब्रश परत तोंडात घातला. कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यात मला मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी तीच.

आणि ती मातीत घातली मोठ्यांनी.

एका सकाळी खाली शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला. बाबांच्या गालाला साबण, हातात मोबाईल. "झालं, झालं, चकाचक झाले," म्हणत त्यांनी मला आडवं पाडलं. वाळू मध्येच अडकली. वर भिंगरीच्या हातावर चॉकलेट ठेवलं. शहाणी मुलगी म्हणून. घासलेल्या दातांवर चॉकलेट! हेच रोज सुरू झालं. आईचा हातही फिरेनासा झाला.

मग भिंगरीची दाढ ठणकू लागली. सफरचंदाची फोड ती नुसती चोखून ठेवून द्यायची. आईनं मला पर्समध्ये कोंबलं आणि तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"हे घड्याळ बिघडलंय बहुतेक," आई म्हणाली. "आणि हिला तर जरासुद्धा धीर नाही."

"दुधाचेच दात ना," बाबा म्हणाले. "पडणारच आहेत."

"ही दाढ पडायला अजून पाच वर्षं आहेत. तोवर ही चावणार कशानं, तुमच्या दातांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मला उलटं केलं आणि मनगटावरचं घड्याळ धरलं. तेवढ्यात बाबांनी तीनदा मोबाईल पाहिला. धीर कुणाला नाही, ते मी मोजलं.

"बरोबर दोन मिनिटं. भिंगरी, घरी हे कसं चालतं ते दाखव बरं."

भिंगरीनं मला उलटं केलं, लगेच आडवं पाडलं आणि चॉकलेटसाठी हात पुढे केला. "बाबा असं करतात," ती म्हणाली.

दाढ कोरून भरली. "शेजारच्या दाढेलाही डाग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांनी बघू. ती राहते की जाते, ते तुम्हा तिघांच्या हातात आहे."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. काच आहे, फुटेन कधीतरी. पण मूल थांबायला शिकत असताना त्याला घाई शिकवायची आणि वर त्यालाच अधीर म्हणायचं, हा खोटेपणा आहे. हे घरातल्या मोठ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉर्न वाजला. बाबांचा हात माझ्याकडे आला. फेसानं भरलेल्या तोंडानं भिंगरीनं मला आपल्या मुठीत धरलं, उभंच.

"अजून पडतेय वाळू."

बाबांचा हात तसाच राहिला. मग ते खिडकीशी गेले आणि खाली वाकून म्हणाले, "दादा, दोन मिनिटं थांबा."