कुलपातली बॅटरी

मी पवनचक्कीची बॅटरी बोलतेय. जवळ या, पण तारांना हात लावू नका. माणसांवर माझा फारसा भरवसा उरलेला नाही.

पुंजारामनं मला जालन्याहून राजूरला आणलं. त्याच्या शेडवर छोटी पवनचक्की होती. वारा सुटला की ती मला भरायची, वारा पडला की मी दिवे लावायची. गणपतीच्या यात्रेत दुकानदार सकाळीच विचारायचे, संध्याकाळी किती दिवे द्याल? जो जास्त कबूल करील, त्याला काम. बोली लावताना पुंजाराम वाऱ्यावर अर्धा भरवसा ठेवायचा आणि माझ्यावर पुरता. समोर जनरेटरवाला असायचा, त्याचाच चुलतभाऊ कडूबा.

एका यात्रेत वारा कमी पडला, दिवे लवकर मंदावले. पुंजारामनं ठरवूनच टाकलं, कडूबानं करंट चोरला. पुढच्या अंगारकीला ज्याचे दिवे टिकतील त्याला वर्षभराचं काम मिळणार होतं. म्हणून आदल्या सकाळी त्यानं मला तारांपासून सोडवून खोलीत कोंडलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

"अवो, वारा सुटून राह्यलाय, जोडा की तिला," त्याची बायको केशरबाई म्हणाली.

"न्हाई. कडूबाचा डोळा हाये तिच्यावर. हितंच बराबर हाये."

बाहेर चक्की दिवसभर फिरत होती आणि मी आत अर्धी रिकामी. नुसता जीव तळमळत होता.

दुसऱ्या दिवशी पुंजाराम दुकानदारांना म्हणाला, "काल केवढा वारा होता, बॅटरी बिलकुल फुल हाये." मला त्यानंच सोडवून ठेवलं होतं, हे तो साफ विसरला आणि कडूबापेक्षा दुप्पट दिवे कबूल करून बसला.

संध्याकाळी त्यानं मला बाहेर काढून जोडलं, तोवर वारा पडला होता. बांगडीवाली साळूबाई एका नव्या सुनेच्या हातात बांगड्या भरत होती, तोच तिच्या दुकानातला आमचा दिवा पिवळा पडला. कडूबा स्वतःची वायर घेऊन आला.

"घे, हिच्यापुरता माझा दिवा लाव. गिऱ्हाईक बसलंय."

"आधी चोरायचं, मंग दान करायचं?" पुंजारामनं वायर फेकून दिली.

वर्षभराचं काम कडूबाला मिळालं. दोघांचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे.

आता माझ्या आतल्या प्लेटा गेल्यात, मी भरतच नाही. मी पुंजारामच्या कोपऱ्यात पडून असते आणि ऐकते. परवा त्याच्या लेकीच्या लग्नाच्या पत्रिका आल्या. केशरबाईनं कडूबाचं नाव काढलं, तर तो उठून बाहेर गेला. मला फार वाईट वाटलं.

माझं तो कसं ऐकणार? तुम्ही त्याच्याकडे जाल तर सांगा, करंट कुणीच चोरला नव्हता. पण लग्नाच्या आत सांगा.