पहिला हात, दुसरा हात

मी रंगारी. भिंतीवर बोटभर डाग राहिला तरी मला जेवण गोड लागत नाही, आणि ही खोड मी कामावरून घरीही घेऊन येतो, असं माझी बायको सोळा वर्षं ऐकवते आहे.

ती बसवर कंडक्टर. अकरा वर्षं तिकिटं फाडली, दोन वर्षांपूर्वी जिद्दीनं मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं, आणि आता कुठे ड्रायव्हरची जागा चालून आली. पण पहाटेच्या पहिल्या गाडीवर. म्हणजे साडेचारला घर सोडायचं. शनिवारी दहाच्या आत हो की नाही ते डेपोत कळवायचं. यादीतला पुढचा माणूस टपूनच बसला होता.

"आठवडाभर कुणाशी तरी बदलून पहाटेची ड्युटी घेते," ती म्हणाली. "माझ्याशिवाय सकाळ पार पडली, तर हो."

"त्यात काय मोठंसं!" मी म्हणालो आणि पोरांना कामाला जुंपलं. थोरली पंधरा वर्षांची, तिच्याकडे भांडी. धाकटा अकराचा, त्याला आम्ही भोपळ्या म्हणतो, त्याच्याकडे कपडे.

सोमवार ते बुधवार कसं झकास चाललं. खरं सांगायचं तर थोरलीनं धुतलेली ताटली मी उजेडात धरायचो आणि पुन्हा घासायचो. भोपळ्यानं वाळत घातलेला टॉवेल ओढून काढायचो, टोकाला टोक जुळवून पुन्हा टाकायचो. वर शहाणपण शिकवायचो, "पहिला हात पातळच असतो रे. खरं काम दुसऱ्या हाताचं." आमच्या धंद्यात रंगाच्या थराला हात म्हणतात. पोरं माना डोलवायची. मला वाटायचं, शिकताहेत.

गुरुवारी एका गिऱ्हाइकानं मला सकाळी सहालाच बोलावलं. संध्याकाळी परतलो तर बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"दुपारी आले तर ताटल्या नुसत्या पाण्याखालून काढून रचलेल्या," ती म्हणाली. "तेलकटच्या तेलकट. कपडे मशीनमधून काढून दोरीवर नुसते बोळे करून टाकलेले, वास मारत होते. पुन्हा धुतले. नाही जमायचं हे. शनिवारी नाही म्हणून सांगून येते."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते इतक्या शांतपणे सांगितलं, की मलाच रडू येईलसं वाटलं. ते सगळं मी पोरांवर काढायला गेलो.

"लाज नाही वाटत? आईनं एवढं एक काम सांगितलं होतं!"

"पण आम्ही आमचा हात मारला होता," थोरली म्हणाली.

"आणि पहिला हात पातळच असतो," भोपळ्यानं पुस्ती जोडली. "दुसरा तुमचा असतो. आज तुम्ही मारलाच नाहीत."

चेष्टा नव्हती हो ती. कार्टं अगदी मनापासून सांगत होतं. तीन दिवस मी पोरांना काय शिकवलं, ते माझ्यासमोर उभं राहून मला पाठ म्हणून दाखवत होती.

"उद्यापासून काम एकहाती," मी म्हणालो.

"म्हणजे एका हातानं?" भोपळ्यानं विचारलं.

"म्हणजे सुरुवातही तुझी, शेवटही तुझा. मी बोटसुद्धा लावणार नाही."

"बघूया किती वेळ दम धरता ते," थोरली म्हणाली.

शुक्रवारी सकाळी थोरलीनं ओटाभर फेस केला, एका कपाचा कान उडवला. मी हात काखेत दाबून दारात उभा, जीव नुसता कासावीस. एक ताटली तिनं रचली, पुन्हा उचलली, बोट फिरवून पाहिलं, "शी!" म्हणाली आणि परत घासायला घेतली. मी काही बोललो नव्हतो, शपथेवर सांगतो.

दुपारी बायकोनं स्वयंपाकघर पाहिलं. "एका दिवसानं काय होतंय," एवढंच म्हणाली.

शनिवारी तिला सुट्टी होती, पण डेपोत जायचं म्हणून ती आवरत होती. तेवढ्यात भोपळ्या तिचा युनिफॉर्मचा शर्ट घेऊन आला, इस्त्री केलेला. एका बाहीला दोन घड्या, कॉलरचं टोक वर वळलेलं. माझा हात आपोआप पुढे गेला.

"बाबा," थोरली म्हणाली. मी हात खिशात घातला.

बायकोनं शर्ट उलटसुलट करून पाहिला. "कुणी सांगितलं होतं रे?"

"कुणी नाही. साहेबांसमोर जाणार ना तू."

तिनं तोच शर्ट घातला आणि निघाली. मी घड्याळाकडे बघत बसलो.

सव्वादहाला फोन आला. "अहो, सही केली. सोमवारची पहिली गाडी माझी." मागे डेपोतला गोंगाट. "साहेब विचारत होते, बाहीला दोन घड्या कशा. म्हटलं, मुलानं केलीय इस्त्री."

आत जाऊन पोरांना सांगितलं. दोघांनी आधी उड्या मारल्या, मग सोमवारी आईचा डबा कोण भरणार यावरून कडाक्याचं भांडण सुरू केलं. डबा कसा भरावा याबद्दल मला बरंच काही सांगायचं होतं. मी गप्प बसलो.