दुसरा भाग आला की

ऋषिराजच्या पिंडाला कावळा शिवेना. कराडच्या संगमावर, घाटाच्या खालच्या पायरीवर, सगळं रीतसर मांडून झालं होतं, आणि कावळेही काही कमी नव्हते. पण ते भिंतीवर ओळीने बसून नदीकडे पाहत राहिले. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून गेलेला एकुलता एक मुलगा. त्याचा जीव कशात अडकला असेल, याचा प्रत्येकाने आपापल्या परीने अंदाज घेतला. आईला अंतर देणार नाही, असं चुलत्याने सांगितलं. रान विकणार नाही, असं वडील, भाऊसो, म्हणाले. मामाने तर भाच्याच्या नावाने गावच्या तालमीला मोठा आरसा देण्याचं कबूल करून टाकलं. कावळे ढिम्म. ऊन चढलं, माणसं सावली धरू लागली, आणि दर्भाचा कावळा करून मोकळं व्हावं, असं भटजी हळू आवाजात सुचवू लागले.

प्रबुद्ध वरच्या पायरीवर उभा होता. तो ऋषिराजचा इंजिनिअरिंग कॉलेजातला मित्र, रहिमतपूरच्या हिंदुराव मास्तरांचा मुलगा. त्यांच्या बैठकीत बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या होत्या, आणि पिंडदान करणार नाही ही त्यातली प्रतिज्ञा त्याला बाराखडीच्या आधीपासून पाठ होती. त्यामुळे मित्रासाठी आला तर होता, पण हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. तेवढ्यात ऋषिराजची आई, शालूबाई, वळली आणि सगळी माणसं ओलांडून तिची नजर नेमकी त्याच्यावर येऊन थांबली.

"तुझा दोस्त हाय त्यो. त्याला काय पायजे हुतं, तुला ठावं आसंल. सांग की रं."

त्याला ठाऊक होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. तो खाली उतरला, पिंडापाशी वाकला आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने पुटपुटला, "ऋष्या, दुसरा भाग आला की मी तुझ्यासाठी खेळीन."

भिंतीवरचा एक कावळा उडाला, खाली आला आणि पिंडाला शिवला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे प्रबुद्धने परतीच्या वाटेवर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. म्हण इतक्या चपखलपणे लागू पडते आहे याचं एरवी त्याला हसू आलं असतं. त्या दिवशी आलं नाही.

दुसरा भाग होता एका संगणकाच्या खेळाचा. खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं; ही दोघं त्याला नुसतं 'तुकडी' म्हणत. चार शिपायांची तुकडी. तिला नकाशावर वाट आखून द्यायची, कुणी दार उघडायचं, कुणी पाठ राखायची ते आधी ठरवायचं, आणि मग एकेकाला पुढे नेत मोहीम पार पाडायची. धावत सुटून गोळ्या झाडणाऱ्याचं त्यात काही चालत नसे. एका गोळीत माणूस जायचा, आणि गेलेला माणूस पुन्हा कधी दिसायचा नाही. शेवटी जिवंत असलेले सगळे ट्रकमध्ये चढले की मोहीम फत्ते; एक जरी मागे राहिला तरी ट्रक हलत नसे. घरटी एक माणूस फौजेत असलेल्या मुलखातली ही पोरं. प्रबुद्ध डोळ्याच्या नंबरामुळे घरी राहिलेला, ऋषिराज आईने भरतीच्या मैदानापर्यंत जाऊ दिला नाही म्हणून. ऋषिराज वाट आखायचा, प्रबुद्ध माणसं चालवायचा. पहिला भाग इतक्या वेळा पार केला की त्यातल्या भिंतींचे पोपडेसुद्धा ओळखीचे झाले, आणि मग दोघं दुसऱ्या भागाची वाट पाहू लागले. पुण्याहून येणाऱ्या संगणकाच्या मासिकात त्याच्याविषयी चार ओळी आल्या तरी आठवडाभर पुरत. लग्न ठरलेल्या पोरीनेही एवढी स्वप्नं पाहिली नसतील.

शब्द तर दिला होता. परीक्षा झाली, पुण्याच्या एका कंपनीत नोकरीही नक्की झाली. एकोणीसशे नव्याण्णवचं साल, संगणक शिकलेल्या माणसाला दारात बोलावणी येण्याचे दिवस. पण दुसरा भाग उन्हाळ्यात येणार होता, त्याआधी कसं जायचं, म्हणून प्रबुद्धने मुदत मागून घेतली आणि कराडात एका क्लासमध्ये शिकवू लागला. दर रविवारी एसटीने इस्लामपूरला उतरून, उसातल्या वाटेने तो ऋषिराजच्या घरी जायचा. हात न लावलेला संगणक बिघडतो, या निमित्ताने तो चालू करायचा, जुन्या खेळाची एखादी मोहीम खेळायचा, आणि शालूबाईच्या हातचं जेवून परतायचा. या घरात तो पहिल्यांदा आला तेव्हा शालूबाईने आडनाव विचारून चहाचा वेगळा कप काढला होता, आणि ऋषिराजने तो कप स्वतः उचलून आपला कप प्रबुद्धपुढे सरकवला होता. त्यानंतर तिने वेगळं भांडं कधी काढलं नाही. आता तर ती त्याची वाट पाहायची.

"आला का रं दुसरा भाग?" उंबऱ्यातच ती विचारायची.

"न्हाई आला, काकू. लांबला म्हन्त्यात."

"बरं," ती म्हणायची.

पहिले काही महिने त्याला वाटलं, बिचारी आतुर झाली आहे; मुलाची शेवटची इच्छा एकदाची पुरी होऊ दे, असं तिला वाटतं. उन्हाळा गेला, तारीख गणपतीवर गेली, गणपतीतून दिवाळीवर. लबाडाघरचं आवतण, जेवल्याशिवाय खरं नाही, असं भाऊसो कारखान्याच्या पाळीवर जाता जाता म्हणायचा. पण एका रविवारी, 'न्हाई आला' म्हटल्याबरोबर शालूबाईच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. तो निखळ आनंद होता. तिने पदराने चेहरा पुसला, आणि आत जाताना ती गुणगुणत होती.

त्या दिवशी जेवण वाढता वाढता ती सहज म्हणाली, "त्यात पाऊस हाय म्हनं."

"कशात?"

"दुसऱ्या भागात. सारका पडतुया. आन मागं ऱ्हानारा गडी शीळ घालतुया."

"कुनी सांगितलं, काकू?"

"सांगितलं की," ती म्हणाली आणि त्याच्या आमटीत तुपाची धार सोडली.

दुःखाने माणसाच्या मनात काय काय येतं, असं म्हणून त्याने तो विषय सोडून दिला. पुढच्या महिन्याच्या मासिकात दुसऱ्या भागाची पहिली चित्रं आली. कौलारू घर, चिखल, आणि तिरक्या पांढऱ्या रेघा. चित्राखाली लिहिलं होतं की या वेळी पाऊस अगदी खऱ्यासारखा असेल. प्रबुद्ध क्लासमध्ये उभ्यानेच ते वाचत राहिला. ते मासिक त्याने इस्लामपूरला नेलं नाही. पण रविवारी शालूबाईने विचारलं, "चित्रं बघितलीस न्हवं?" आणि त्याच्या उत्तरासाठी ती थांबलीही नाही.

दिवाळीनंतर एकदा भाऊसो त्याला एसटीपर्यंत सोडायला आला. फारसं न बोलणारा माणूस, पण ओढ्याच्या फरशी पुलावर तो थांबला.

"पोरा, त्यो खेळ आला की एक डाव कर आन मोकळं कर आमास्नी. ती दाराला कडी लावू देत न्हाई. कुनी काय इचारलं तर म्हन्ती, आजून आला न्हाई दुसरा भाग, मग ऋषी कशाला जाईल? मला बी..." तो उसाकडे पाहत राहिला. "मला बी कवा कवा वाटतंया, आतल्या खोलीत कुनी तरी हाय. वाट बघतंय. आसं किती दिस ठेवायचं रं पोराला?"

"आला की खेळतो, काका. शब्द हाय माझा."

"आन तू बी जा. तुजं आयुष्य हाय का न्हाई?"

हे मात्र प्रबुद्धला लागलं. कारण पुण्याच्या कंपनीने आता निर्वाणीचं कळवलं होतं: नव्या वर्षात रुजू व्हा, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. मास्तरांनीही सुनावलं होतं. बापाने जन्मभर घासून शिकवलं ते कुणा कावळ्याच्या भरवशावर बसून राहण्यासाठी नव्हे, एवढंच ते म्हणाले, आणि तेवढं पुरे होतं. मेलेल्या मित्राला दिलेला शब्द मोडून जायचं म्हणजे जन्माची रुखरुख, आणि राहायचं म्हणजे जन्मच. खेळ आला तर दोन्ही सुटणार होतं. त्याने एवढ्या आसुसून कशाचीच वाट पाहिली नव्हती.

आणि डिसेंबर सरता सरता खेळ आला. पुण्याच्या एका मित्राने सीडी एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली, प्रबुद्धने ती कराडच्या स्टँडवर उतरवून घेतली. रविवारी तो पुण्याला न्यायची बॅग भरूनच निघाला. एक मोहीम पार करायची, शब्द पाळला म्हणायचं आणि संध्याकाळची गाडी धरायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. बाहेर कोरडं ऊन होतं. कारखान्याचा मळीचा वास उसावरून येत होता. भाऊसो पाळीवर गेला होता.

"आला का रं दुसरा भाग?"

खोटं बोलावं असं त्याला एक क्षण फार वाटलं. मग म्हणाला, "आला, काकू."

शालूबाईने चौकटीला हात टेकला. मग आत जाऊन तिने संगणकावरचं विणलेलं झाकण काढलं, घडी घातली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. इतक्या महिन्यांत ती खेळापाशी पहिल्यांदाच बसत होती.

पडद्यावर पाऊस सुरू झाला. कौलारू घर, त्याच्यापुढे चिखल, लांब उभा असलेला ट्रक आणि चार माणसं. प्रबुद्धने वाट आखली. ऋषिराजने आखली असती तशी, असं त्याला स्वतःलाच वाटलं.

"ह्यातला ऋषी कंचा?" शालूबाईने विचारलं.

काहीतरी सांगायला हवं म्हणून त्याने सगळ्यात मागच्या माणसावर बोट ठेवलं. "ह्यो. पाठ राखनारा."

"त्याला फुडं घालू नगंस."

त्याने घातलं नाही. तिघांना पुढे नेत, थांबवत, भिंतीआड दडवत त्याने घराचं दार गाठलं, आतल्या खोल्या मोकळ्या केल्या. गोळीबार फारसा झालाच नाही. पाऊस पडत राहिला, आणि पावसाच्या आवाजाखाली, अगदी बारीक, कुणीतरी शीळ घालत होतं. प्रबुद्धने त्या माणसाकडे मुद्दामच पाहिलं नाही. त्याने मोहीम उरकली, तिघांना ट्रकमध्ये चढवलं आणि चौथ्याला यायचा हुकूम दिला. तो माणूस घराच्या उंबऱ्यावर उभा होता. तो पावसात उतरला आणि ट्रककडे चालू लागला. थोडंच अंतर राहिलं होतं. आता सुटलो, असं वाटून प्रबुद्धला रडू आलं. मित्राच्या जाण्याचं रडू त्याला वर्षभरात पहिल्यांदाच येत होतं.

"आरं, भिजतुयास कशाला?" शालूबाई म्हणाली. ती प्रबुद्धशी बोलत नव्हती.

पडद्यावरचा माणूस थांबला.

प्रबुद्धने पुन्हा हुकूम दिला. पुन्हा. तो माणूस पावसात उभा राहिला, मग वळला, आणि आल्या वाटेने परत जाऊन घरात शिरला. दार त्याच्यामागे लागलं. त्या खेळात दारं उघडायची सोय होती, लावायची नव्हती.

शालूबाई उठली. तिने समाधानाने खुर्ची जागेवर सरकवली, पदर खोचला आणि ती स्वयंपाकघरात गेली. चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला, मग पिठाच्या डब्याचं झाकण.

"काकू," प्रबुद्ध म्हणाला. "मला संध्याकाळची गाडी हाय. पुन्याची."

"जाशील की. संपू तर दे."

ट्रकमधली तिघं पावसात बसून होती. त्याने स्पीकर बंद केला; पाण्याचा आवाज मात्र येत राहिला. तो आतून येत होता, स्वयंपाकघरामागच्या मोरीतून, तांब्या बुडवून कुणीतरी सावकाश पायांवर पाणी घ्यावं तसा, आणि शालूबाईचे हात तर परातीत भाकरी थापत होते, ते त्याला इथून ऐकू येत होतं.

"मोरी मोकळी झाली की तू बी हातपाय धू," ती आतून म्हणाली. "दोघास्नी संगंच वाढते."