पाठवणीची शेवटची ओळ

ठमाबाईच्या धवल्यांशिवाय गावात लग्न लागत नसे. भटजी उशिरा आला तर चालायचं, पण लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण वेळेवर हवीच. ठमा ओळ टाकायची आणि सगुणा नि लक्ष्मी, तिच्या दोघी मैत्रिणी, ती उचलायच्या. तरण्या वयापासून हेच चाललेलं. त्यामुळे दोघींना सगळी गाणी येत होती आणि धड एकही येत नव्हतं, कारण पुढची ओळ कुठली हे फक्त ठमाला ठाऊक.

इंग्रज गेल्यावर दोन-तीन वर्षांनी ठमा रक्त ओकली. ठाण्याच्या डॉक्टरने क्षय सांगितला, वेगळी ठेवा म्हणाला. विधवा बाई, मूलबाळ नाही. दीर गोविंदाने मिठागराच्या बांधावर तिला खोपटं घालून दिलं आणि हात झटकले. जिच्या आवाजावर गावकऱ्यांच्या घरच्या हळदी लागल्या, तिच्या दारावरून जाताना हे मेले नाक दाबायला लागले.

सगुणा रोज भाकरी घेऊन जायची, लांब ठेवायची, लांबच बसायची. ठमा हळूहळू बोलेनाशी झाली. एक दिवस म्हणाली, "माजी गानी पोटान कुजतान ग."

मग इथेच म्हण, असं सगुणा म्हणाली तर ठमाने कानांवर हात ठेवले. मांडवाशिवाय धवला म्हटला तर कुणाचं तरी मंगल मोडतं, हे सगुणाही मानत होती. म्हणून तिने नि लक्ष्मीने खोपटाला लागून मांडव घातला. चार बांबू, वर ताडाची झावळं, उंबराची फांदी, आणि ठमाच्या नि आपल्यामध्ये एक चटई टांगलेली. नवरा-नवरी म्हणून लक्ष्मीने नातीचे चिंधीचे बाहुला-बाहुली आणले.

सगुणेच्या नवऱ्याने, गोपीनाथने, आकाशपाताळ एक केलं. घरात लेकरं आहेत, रोग आणशील म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. सगुणा खाडीत बुडी मारून मगच घरात शिरायची, आणि तरी रात्री लेकराला खोकला आला की उठून त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. पण ती जायची थांबली नाही.

चटईपलीकडून ओळ यायची, अलीकडून दोघी उचलायच्या. चुकल्या की ठमा शिव्या घालायची, आणि शिव्या ऐकून सगुणेला बरं वाटायचं. उंबराचा धवला झाला, हळदीचा झाला, तेलाचा झाला. पाठवणी मात्र ठमा रोज उद्यावर ढकलायची. लक्ष्मी चिडली, लग्नसराई तोंडावर आली म्हणाली. सगुणेला ठमाची भीती कळली होती. पाठवणी झाली की त्याच दिवशी मांडव उतरवायचा अशी रीत. मांडवच गेला तर या दोघी बांधावर येणार कशाला?

ठमाचा आवाज बसत गेला. मग एका संध्याकाळी तिने आपण होऊन पाठवणी धरली. नुसता श्वास ऐकू येत होता. सगुणेने चटई बाजूला सारली आणि कान तिच्या तोंडाशी नेला. लक्ष्मी नको नको म्हणत राहिली. ठमा कुजबुजायची, सगुणा मोठ्याने म्हणायची. ओळीमागून ओळ अशी येत शेवटची आली. सगुणेने ती नीट ऐकली आणि तोंड मिटून घेतलं.

"उचल ग," ठमा म्हणाली.

"उद्या," सगुणा म्हणाली.

ही ओळ राहिली तर मांडव राहील, मांडव राहिला तर ठमा राहील, एवढंच तिच्या मनाने घट्ट धरलं होतं. ठमाने तिचा हात धरला आणि वाट पाहिली. पुन्हा ओठ हलवले. सगुणेने तोंडात पदर कोंबला. बऱ्याच वेळाने ठमाने कूस बदलली.

सकाळी सगुणा भाकरी घेऊन गेली तेव्हा गोविंदा मांडवाचे बांबू उपटत होता, तिरडीला हवे होते म्हणून. ठमाला खोपटाबाहेर काढून ठेवलं होतं. सगुणा तिच्या उशाशी बसली आणि तिने शेवटची ओळ म्हटली, मोठ्याने, पार खाडीपर्यंत जाईल अशी. परत म्हटली. लक्ष्मीने तिला धरून उठवेपर्यंत ती म्हणतच होती. ठमाला ती ओळ दुसऱ्या गळ्यातून एकदा ऐकायची होती, आणि काल संध्याकाळी तिला ऐकू येत होतं.