सावरटोल्याच्या प्लांटवरची चौकशी

आमच्या वामनराव भाऊजींचा कोणावर विश्वास बसत नाही. दूधवाल्यावर नाही, हवामान खात्यावर नाही, आणि मी सख्खा साळा असल्यामुळे माझ्यावर तर मुळीच नाही. तीस वर्षं त्यांनी औष्णिक वीज केंद्रात बॉयलरजवळ काढली. तिथे म्हणे मीटरवर सगळं ठीक दिसलं तरी स्वतः जाऊन पाहावं लागतं. ही सवय घेऊनच ते रिटायर झाले आणि नागपूरजवळ बेसाला घर बांधून राहिले.

त्यांची मुलगी अपेक्षा सीताबर्डीत चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. एकतीस वर्षांची झाली, पण लग्न जमत नाही, आणि का जमत नाही ते सगळ्या नात्यागोत्यात माहीत आहे. स्थळ आलं की भाऊजी मुलाकडच्यांना न सांगता गुपचूप चौकशीला निघतात. एका मुलाची गाडी बारसमोर उभी दिसली. शेजारीच त्याच्या काकांचं औषधांचं दुकान होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. दुसऱ्याचे केस स्वतःचे नसावेत असा संशय आला. तिसऱ्याबद्दल गावभर फिरूनही कोणी वाईट बोललं नाही, म्हणजे सगळे आधीच शिकवून ठेवलेले, असा निकाल लागला.

अपेक्षाला लग्नाची घाई नव्हती, त्या घरातून सुटायची होती. मेट्रो उशिरा आली तर का आली, फोन पालथा का ठेवला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिचा भाऊ होता का, अशी रोज संध्याकाळी चपला काढायच्या आधीच उलटतपासणी सुरू. "मामा, मले असं घर पाहिजे, जिथं मी आली की कोणी घड्याळाकडे पाहणार नाही," असं ती एकदा मला म्हणाली. ऐकून मला फार वाईट वाटलं. पण भाऊजींना तोंडावर बोलायची हिंमत मला कधी झाली नाही.

मग जितेंद्रचं स्थळ आलं. उमरेड रोड सोडून आत गेलं की सावरटोला गाव लागतं, तिथल्या माळावर मोठा सोलर प्लांट आहे, त्याचा हा साइट इंचार्ज. मध्यस्थांनी दोघांचे फोन नंबर एकमेकांना दिले होते. महिनाभर बोलणं चाललं आणि अपेक्षा घरात गुणगुणू लागली. ताईनं मला फोन करून सांगितलं, "गिरिधर, यावेळेस पोरगी खुश आहे रे. तुझ्या भाऊजीले आवर."

भाऊजींना आवरणारा अजून जन्मायचा आहे. रविवारी सकाळी ते माझ्या दारात हजर. पांढरी पॅन्ट, पॉलिश केलेले बूट.

"धूर नाही, कोळसा नाही, आवाज नाही," ते म्हणाले. "मग त्या पोट्ट्याले पगार कायचा भेटते गा? चाल, पाहून येऊ."

"भाऊजी, फोन करून जाऊ ना."

"काहून? आपण पोरीवाले आहो हे समजलं की तो सोंग करन. चौकशी ही चौकशीसारखीच करा लागते."

मी मुकाट्यानं स्कूटर काढली.

सावरटोल्याचा माळ मी लहानपणी पाहिला होता. नुसता मुरूम आणि बोरीची झुडपं, तिथे गुरं चरायची. आता नजर पोचेल तिथपर्यंत काळ्यानिळ्या पॅनेलच्या रांगा, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. पॅनेल धुऊन झाली होती, खालची माती अजून ओली होती, आणि धुणाऱ्या बाया पाइप गुंडाळून घरी निघाल्या होत्या. एवढा मोठा पसारा, पण माणूस दिसेना. एका पत्र्याच्या खोलीतून तेवढा माशीसारखा गुणगुण आवाज येत होता.

भाऊजी कुंपणाशी कान देऊन उभे राहिले. "इथं वीज बनते?" ते माझ्या कानात पुटपुटले. "मले पटून नाही राहिलं."

फाटकावर रामाजी नावाचा म्हातारा चौकीदार होता. भाऊजींनी त्याला सांगितलं, "आम्ही गवताचे व्यापारी. पॅनेलखालचं गवत घ्यायले आलो." रामाजीनं त्यांच्या बुटांकडे पाहिलं, आम्हाला स्कूटरसकट आत घेतलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

मग भाऊजींनी चौकशी सुरू केली.

"रात्री इथं किती जण असतात?" म्हणजे मुलगा रात्री पार्ट्या करतो का.

"तुमचे साहेब सुट्टीवर कवा जातात?" म्हणजे सुट्टी मिळते, की नुसती कंत्राटी हमाली.

"हे कॅमेरे चालू राहतात, का नुसतेच लावले?" म्हणजे कंपनी खरी, की देखावा.

"केबल तांब्याची आहे का अ‍ॅल्युमिनियमची?" याचा लग्नाशी काही संबंध नव्हता. तो जुन्या वीजवाल्याचा स्वभाव.

मला प्रत्येक प्रश्नाचा खरा अर्थ कळत होता, म्हणून मी निवांत. रामाजीला त्यातला एकही कळत नव्हता. त्याची उत्तरं हळूहळू आखूड होत गेली. शेवटी तो म्हणाला, "बसा, साहेबांले बोलावतो, तेच गवताचं पाहतात." आणि जाता जाता त्यानं फाटकाला कुलूप लावलं. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मागच्याच महिन्यात या प्लांटचं कुंपण कापून कोणीतरी रातोरात केबल नेली होती, हे आम्हाला कुठून माहीत असणार?

जितेंद्र आला तो डोक्यावर टोपी, बुटांवर चिखल आणि हातात स्कूटरच्या डिक्कीतली पिशवी घेऊनच. डिक्कीचं कुलूप माझं कधीच बिघडलेलं आहे. पिशवीत भाऊजींची जुनी पक्कड, टेस्टर आणि केबल कापायची कात्री होती. ते कुठेही जाताना हे सामान सोबत नेतात.

"गवत यानं कापता का काका?" जितेंद्रनं विचारलं.

भाऊजी बूट झटकू लागले.

"कोणतं गवत पाहिजे तुम्हाला? कुंदा? मारवेल?"

"हिरवं," भाऊजी म्हणाले.

कंट्रोल रूम म्हणजे एक लहानशी खोली, दोन संगणक आणि एक पंखा. तिथे आम्हाला बसवलं. मी खाली मान घालून भाऊजींना कुजबुजलो, "सांगून टाका आता." ते मान हलवून नाही म्हणाले. पोरीचा बाप चोरून चौकशीला आला आणि चोर म्हणून पकडला गेला, ही गोष्ट एकदा पसरली की तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.  आमच्या डोळ्यांसमोर जितेंद्रनं गाडीचा नंबर घेतला, आधार कार्ड मागितलं, भाऊजींनी ते दाखवायला नाही म्हटल्यावर दोघांचा मोबाइलवर फोटो काढला आणि पोलीस पाटलांना बोलावणं धाडलं. पोरगा एकही गोष्ट विसरत नव्हता. मी घाबरलो होतो. भाऊजी मात्र त्याचं काम मोठ्या बारकाईनं बघत होते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं अपेक्षा. पठ्ठ्यानं आमचा फोटो तिलाच पाठवला होता, आज दोन केबलचोर पकडले म्हणून!

"हं, बोल," तो हसतच म्हणाला. मग त्याचं हसू मावळलं. त्यानं आमच्याकडे पाहिलं. "तुझे बाबा? आणि मामा?"

मी हात जोडले. भाऊजी छताकडे बघू लागले.

जितेंद्र खिडकीशी गेला, पण खोली केवढीशी, सगळं ऐकू येत होतं. "तूच पाठवलं ना यांना? ... मग माहीत नव्हतं कसं? ... अपेक्षा, खरं सांग. ... आज माझी ड्युटी आहे हे यांना कोणी सांगितलं? मी तुलाच सांगितलं होतं. ... कालपासून तू ऑनलाइन होतीस आणि माझ्याशी बोलली नाहीस, तेव्हाच मला वाटलं, काहीतरी आहे. ... बरं, शपथ घे."

त्यावर तिनं काहीतरी सांगितलं, तसं त्याचं तोंड उतरलं. मग फोन ठेवून आमच्याकडे वळला, वाकून पाया पडला, माफी मागितली, चहा मागवला. पोलीस पाटलांना येऊ नका म्हणून कळवलं. आणि चहा येईपर्यंत भाऊजींचं आधार कार्ड मागून त्यावरचं नाव एकदा वाचून घेतलंच.

परतीच्या वाटेवर भाऊजी माझ्या पाठीमागे बसून मोठमोठ्यानं बोलत होते. एवढे खुश मी त्यांना त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "पोट्टा एक नंबर आहे गा! पाहिलं ना कसा धरला त्यानं आपल्याले? फोन आला तरी सोडलं नाही, आधी आधार पाह्यलं! असा माणूस कधी फसणार नाही. माझा होकार आहे."

बेसाला पोचलो तर अपेक्षा दुकानातून लवकर येऊन दारातच उभी होती, ताई तिच्या मागे. भाऊजींनी बूटही काढले नाहीत. "बेटा, मुलगा पसंत आहे. हो म्हणून टाक!"

"मी त्याले नाही म्हणून टाकलं, बाबा," अपेक्षा म्हणाली.

"काहून? आता तर मी हो म्हणून राहिलो!"

"मी सांगितलं, मले माहीत नव्हतं. तो म्हणे, खरं सांग. मी पुन्हा तेच सांगितलं. तो म्हणे, शपथ घे." ती दारातून हलली नाही. "मी दुकानात होती, गिऱ्हाईक समोर बसलं होतं. पण मले वाटून राहिलं होतं, मी इथंच उभी आहो, याच दारात, तुमच्यासमोर. एका घरातून निघून पुन्हा त्याच घरात कायले जाऊ?"

मला वाटलं, आता तरी भाऊजींना लागेल. त्यांचा चेहरा पडला होता, हे खरं. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुझ्या मनात दुसरं कोणी आहे का?"

 बोलली ती माझी ताई, गोपिका, जिनं लग्न झाल्यापासून या माणसाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

"कोणी नाही," ताई म्हणाली. "असता तर बरं झालं असतं. मीच दिली असती त्याच्यासोबत पाठवून, तुम्हाले न सांगता."

भाऊजी पायरीवर बसले. पुढचा प्रश्न त्यांच्याजवळ नव्हता.