मालसुनच्या गाडीचे पाटे

"ए डुकरवाली! उतर खाली! उतर आन् बघ काय केलंस ते!"

मुखियीण रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडत होती. मालसुननं ब्रेक दाबला. पिकअप थांबली, पण तिची पिछाडी काही थांबेना. चार वेळा खाली-वर झाली, तेव्हा कुठं निवली.

मालसुन उतरून मागं आली. एका पिंपाचं झाकण उडून गटारात पडलं होतं. स्पीडब्रेकरपासून मुखियाच्या फाटकापर्यंत चटयांवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि त्या मिरच्यांवर लष्कराच्या छावणीतलं खरकटं पसरलं होतं. भाताचे आंबलेले गोळे, कोबीची पानं, माशांची मुंडकी, वर करडा रस्सा. उन्हात त्यावर लगेच माशा बसल्या.

"वर्षाच्या मिरच्या माझ्या! आता किमचीत काय घालू? तुझ्या डुकरांचं उष्टं?"

"मिरच्या रस्त्यावर कशापायी वाळवता? रस्ता काय तुमचं अंगण हाय?"

"सगळं गाव वाळवतंय! सांडतीस एकटी तू!"

आरडाओरडा ऐकून मुखिया प्यो सपाता फरफटत बाहेर आला. दातात काडी होती. हा स्पीडब्रेकर त्यानंच वसंतात घालून घेतला होता. छावणीच्या गाड्या त्याच्या फाटकापुढनं सुसाट जायच्या म्हणून. त्यानं मिरच्या बघितल्या आणि काडी थुंकली.

"मालसुन, लई झालं. आता एक थेंब जरी हितं सांडला तर बैठक बोलावतो. घरटी संमतीचे शिक्के घेतो आन् ह्यो रस्ता तुझ्या गाडीला बंद करतो. मंग जा बंधाऱ्यावरनं."

बंधाऱ्यावरची वाट पावसाळ्यात निम्मी वाहून गेली होती. तिथनं शेळी जाईना, गाडी कुठली जाणार? नवरा गेल्यापासून नऊ वर्षं मालसुन एकटीच छावणीतलं खरकटं आणून चाळीस डुकरं जगवत होती. रस्ता बंद म्हणजे डुकरं उपाशी, आणि डुकरं उपाशी म्हणजे ती उपाशी.

संध्याकाळी तिनं स्वतःच्या परड्यातल्या मिरच्यांची दोन पोती मुखियिणीच्या ओट्यावर नेऊन टाकली. मुखियिणीनं पोत्याचं तोंड सोडलं, आत नाक घातलं, दोनदा हुंगलं आणि मग म्हणाली, "हं. ठेव तिकडं." मालसुन घरी येईपर्यंत वाटेत तीनदा थुंकली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारगावात बांग मिस्त्रीकडं गेली. बांग तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. त्यानं नाकाला फडकं बांधलं, हौद्याच्या कोपऱ्यावर गुडघा टेकवून जोर दिला आणि सोडला. गाडी डोलत राहिली.

"शॉक मेलेत, वहिनी. तेल गळून वाळून गेलंय. खालच्या स्प्रिंगचे पाटे बी बसलेत पार, कमान म्हणून राहिली न्हाई."

"मंग कडक पाटे घाल. दगडखाणीच्या गाड्यांना घालतात तसले. हलायलाच नको."

"आवं, पाटे वजन झेलतात. झोका थांबवायचं काम शॉकचं. शॉक तर नवे घालतोच. पर पाटे लई कडक केले तर गाडी धोंड्यावानी आदळंल आन् माल वर उडंल."

"तू घाल."

"घालतो. पर आधी खालनं साफ करा. म्या त्यात झोपणार न्हाई." फडक्यावरनं त्याचे डोळे दुसरीकडंच बघत होते. "माझा हेल्पर बी झोपणार न्हाई. राग मानू नका."

मालसुननं राग मानला. तरी तिनं पत्र्याचं उलथनं घेतलं, पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरली.

नऊ वर्षांचं तिथं साचलं होतं. पाट्यांच्या फटीत, आडव्या दांडीवर, शॉकच्या नळीभोवती खरकटं थरावर थर बसून चामड्यासारखं झालं होतं. वरचा थर निघाला की आतला ओला लागायचा. त्यातनं सिगारेटची थोटकं निघाली, दात कोरायच्या काड्या निघाल्या, एक वाकडा चमचा निघाला. मग एक मोठा पापुद्रा सुटला आणि त्यामागं पांढऱ्या अळ्यांचा गोळा तिच्या मानेवर पडला. त्या वळवळत गळ्यातनं आत उतरल्या.

मालसुन कशीबशी बाहेर सरपटली आणि गॅरेजच्या भिंतीशी जाऊन ओकली. सकाळचं सगळं पडलं, तरी थांबेना. हेल्पर तोंड फिरवून हसला.

बसमध्ये लोक तिच्या शेजारची जागा सोडून उठायचे. दुकानदार पैसे हातात न घेता फळीवर ठेवायला लावायचा. आजवर तिला वाटायचं, ही माणसं उगाच नाक मुरडतात. आज तिला कळलं की त्यांचं नाक खरं बोलत होतं. त्याचाच तिला जास्त संताप आला. तिनं चूळ भरली, सदरा झटकला आणि पुन्हा गाडीखाली गेली. दुपार कलली तेव्हा पाट्यांचं लोखंड दिसायला लागलं.

बांगनं नवे शॉक बसवले आणि दोन जाड पाटे वाढवून दिले. मालसुननं पिंपं पाण्यानं भरून घेतली, झाकणं न लावता, आणि बाजाराच्या तोंडाशी असलेल्या स्पीडब्रेकरवर गाडी घातली. गाडी अशी आदळली की तिचे दात वाजले. मागं पिंपातलं पाणी वीतभर उडालं आणि हौदा भिजला.

 बांगनं तोंडावरचं फडकं खाली घेतलं.

"एक काढ," मालसुन म्हणाली.

एक पाटा निघाला, हौदा पुसून घेतला. पुन्हा पाणी, पुन्हा तोच उंचवटा. या वेळी गाडी वर गेली, खाली आली आणि आली तिथंच बसली. पाणी पिंपाच्या काठाला लागलं आणि मागं फिरलं. मालसुननं उतरून हौद्यावरनं हात फिरवला. कोरडा.

"रिकामी असताना जरा हाडं खिळखिळी करंल," बांग म्हणाला.

"करू दे. हाडं माझी हायेत."

दुसऱ्या दिवशी ती छावणीवरनं सहा पिंपं भरून निघाली, तर स्पीडब्रेकरपाशी निम्मं गाव उभं. मुखियिणीनं फाटकापुढचा रस्ता झाडून लख्ख करून ठेवला होता, थेंब पडला तर दिसावा म्हणून. मालसुननं गिअर बदलला आणि सावकाश गाडी चढवली. पुढची चाकं उतरली, मागची उतरली. मागनं काही आवाज आला नाही. दोन बायका वाकून रस्ता बघत होत्या.

"काय न्हाई गं सांडलं," एक म्हणाली. तिच्या आवाजात नाराजीच होती.

"वास तर येतोच की," मुखियीण म्हणाली.

मालसुन खिडकीतनं पचकन थुंकली आणि तिनं गाडी पुढं काढली.

आठ दिवसांनी कोबीची काढणी लागली. मुखियानं वरच्या शेतातला सगळा कोबी एकदमच कापला आणि आपल्या गाडीत छातीएवढा रचला. उतारावर त्याच्या गाडीचा पाटा कडकन मोडला, हौदा चाकावर बसला. गावातल्या बाकी गाड्या आधीच मंडईच्या वाटेला लागलेल्या. डोंगरामागं ढग काळे झाले होते. कापलेला कोबी पावसात भिजला की दोन दिवसांत सडतो.

प्यो मालसुनच्या गोठ्याशी आला तेव्हा ती डुकरांना खरकटं वाढत होती. तो लांबच उभा राहिला.

"मालसुन, तुझी गाडी म्हनं आता लई भार झेलती."

"झेलती."

"चार खेपा मारशील का मंडईला? शेजारधर्म हाय शेवटी."

  मालसुननं बादली खाली ठेवली.

"मारते. पर खरकट्याच्या हौद्यात तुमचा कोबी कसा घालायचा? लोकं खाणार त्यो. आधी धुवा."

"कोन, मी?"

"मंग काय मी? मला तर वास येत न्हाई. साफ झालं का न्हाई, मला कसं कळंल?"

प्योनं ढगाकडं बघितलं. मग बाह्या सारल्या, ब्रश घेतला आणि हौद्यात चढला. पहिल्याच कोपऱ्यात त्याला उमळून आलं. तो कठड्यावरनं वाकला आणि ओकला. डोळे पुशीत पुन्हा घासायला लागला. मालसुन उलट्या बादलीवर बसली आणि उकडलेला बटाटा सोलून मिठाबरोबर खाऊ लागली. पावसाचे दोन-तीन मोठे थेंब पत्र्यावर वाजले.

"झालं का?" प्यो काकुळतीनं म्हणाला.

मालसुन उठली. हौद्याच्या फळीवर तळहात घासला, नाकाशी नेला आणि त्याच्याकडं बघत दोनदा हुंगला.

"न्हाई," ती म्हणाली. "अजून एकदा."