कातडीसकट बदक

"काढू झाकण?" पथ्यबाईनं विचारलं, आणि व्हरांड्यातल्या सगळ्या बायकांनी माना अशा पुढे काढल्या, जसं काही पातेल्यातलं बदक उठून बसणार आहे आणि एकेकीचं नाव घेऊन हिशोब विचारणार आहे.

पथ्यबाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. दवाखान्यात कुणी काय खावं आणि काय खाऊ नये, हे सांगायची तिची नोकरी. घरात ती सगळ्यात धाकटी, पण दवाखान्यात शिरली की मोठे डॉक्टरसुद्धा हातातलं बिस्कीट खिशात सारायचे. तिच्या हातच्या जेवणात मीठ शोधायचं तर कंदील घेऊन बसावं लागे. माझे दीर पाकिटात मिठाची पुडी ठेवतात, असं मी सगळ्यांना सांगायची. पाकीट कुणी तपासलेलं नाही. पण पाहुण्यांकडे जेवायला निघताना त्यांच्या तोंडावर जे तेज यायचं, ते पाहिलं की पटायचं.

दर मंगळवारी ती बायकांना व्हरांड्यात काहीतरी करून दाखवायची. नुसतं सांगितलं की बायका जांभया देतात, करून दाखवलं की लक्षात ठेवतात, असं तिचं म्हणणं. मी आपली बाकावर बसून तोंडाला विसावा द्यायची. त्या मंगळवारचा विषय होता, कोंबडी बरी की बदक. आमच्याकडे शेजारीच तळं, त्यामुळे बदक घरोघरी शिजायचं. टेबलावर दोन पातेली होती. एकात कोंबडी, एकात बदक. दोन्ही आदल्या दिवशी शिजवून गार केलेली.

बदक दिलं होतं मावशीनं. ही मावशी कुणाचीच सख्खी नव्हती, सगळ्यांची होती. तळ्याच्या काठाला खोपटं, आणि खोपट्याभोवती बदकं. त्यातलं एक इतकं गलेलठ्ठ होतं, की ते पाण्यात उतरलं की समोरच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांचे घोटे भिजायचे. आणखी एक होतं, ते रस्त्यात येणाऱ्या सायकली अडवायचं आणि घंटी वाजवल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही. पहिल्याबद्दल मी ऐकलंय. दुसरं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तर ते घोटे भिजवणारं बदकच मावशीनं कापायला दिलं. "दवाखान्यात माझं बदक दाखवणार," ती म्हणाली, "मग चांगल्यातलं चांगलं नको का द्यायला?" आणि पैशाचं नावसुद्धा काढू दिलं नाही. मंगळवारी तेल लावून केस बसवून आली, ठेवणीतले कपडे घालून, आणि पहिल्या रांगेत बसली. शाळेत मुलाला बक्षीस मिळणार असलं की आई बसते ना, तशी.

पथ्यबाईनं आधी कोंबडीचं झाकण काढलं. वर नितळ पाणी. बायका म्हणाल्या, बरं. मग बदकाचं काढलं. वर पांढरी चरबी अशी जमली होती, की त्यावर माशी चालून गेली असती तर पाय ओले झाले नसते. पथ्यबाईनं एक मोठा चमचा घेतला आणि त्या चरबीत रोवला. मग हात सोडला.

चमचा उभा राहिला.

"हे तुमच्या पोटात असंच बसतं," ती म्हणाली. मागे दारात मोठे डॉक्टर उभे होते, तेही हसले. बायकांनी तोंडाला हात लावले. शिंपीण, जिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार, ती म्हणाली, "मावशे, बदकं पाळतेस की तेलाचा घाणा?"

सगळा व्हरांडा हसला. मावशीही हसली, पण जरा उशिरा, जसं दुसऱ्याचं पाहून समजलं असावं. कोंबडी बायकांनी वाट्यावाट्यांनी संपवली. बदकाला कुणी बोट लावलं नाही. ते मागच्या अंगणात कुत्र्याच्या पुढे गेलं. मावशी उठली, पातेल्याजवळ गेली. "बाई, मी घासून देऊ का हे?"

"नको मावशी," पथ्यबाई म्हणाली. "फार तेलकट झालंय."

त्या दिवसापासून मावशीची तेलवाली झाली. आधी शिंपीण म्हणायला लागली, मग पोरं, मग सगळेच. बदक कुणी घेईना. अंगात रक्त नाही म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बायकांनाही पथ्यबाईनं बजावलं, बदक बंद. दवाखान्यात तिचं कौतुक झालं. दुसऱ्या दवाखान्यातून लोक विचारायला आले, चमच्याचं कसं केलंत म्हणून.

मग हवा गार झाली, आणि एक दिवस आमचा नेहमीचा खाटीक दुकान बंद करून लेकीकडे गेला. दिरांनी लांबून कुठून तरी कोंबडी आणली. मी शिजवली, थोडी जेवणात संपवली, उरलेली झाकून ठेवली. सकाळी पथ्यबाई आत आली, सवयीनं झाकण उचललं.

"ताई, बदक कुठून आणलंत?"

"बदक कुठलं? कालची कोंबडी आहे."

"मग हे काय वर?"

"चरबी. हा खाटीक सोलत नाही म्हणे, नुसती पिसं काढून देतो. कातडी होती अंगावर."

तिनं चमचा घेतला. मला वाटलं, चव बघणार. वाटलं, चला, आज मिठाचा दिवस. तिनं चमचा चरबीत रोवला आणि हात सोडला. चमचा जरा कलला. पण राहिला.

ती पाटावर बसली. नोकरीला जायची वेळ होती, केस विंचरायचे होते, तरी बसलीच.

"ताई, आपला खाटीक कोंबडी सोलून देतो. बदक सोलत नाही, त्याची कातडी सुटत नाही हाताला. म्हणून नुसती पिसं काढतो."

"मग?"

"मग मी त्या दिवशी कोंबडी सोललेली घेतली आणि बदक कातडीसकट." ती चमच्याकडे बघत होती. "चरबी बहुतेक कातडीत असते. सोललं तर बदकात कोंबडीपेक्षा थोडीच जास्त. कोंबडीत प्रथिनं थोडी जास्त, बदकात लोह जास्त. रक्त कमी असलेल्या बायकांना तर मी उलट सांगायला हवं होतं, सोला आणि खा म्हणून. पुस्तकात कातडीसकट आणि सोललेलं, दोन्ही वेगवेगळं लिहिलेलं असतं. मी परीक्षेत लिहिलंय, ताई. मला येत होतं."

"अगं, मुद्दाम थोडंच केलंस?"

"चमचा तर मुद्दामच उभा केला ना."

मी चमचा काढला आणि मोरीत टाकला.

ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोडा हो. एका बदकापायी तुमच्या सगळ्या सांगण्यावर पाणी पडेल. आज बदकाचं चुकलं म्हणाल, उद्या त्या मिठाचंही ऐकणार नाहीत. मग ज्याचा रक्तदाब चढेल, त्याला काय सांगाल?" यातलं खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत. ती घरी आली आणि गप्प राहिली.

गप्प म्हणजे कशी, तर मंगळवारी पालेभाज्या दाखवायची, डाळी दाखवायची, पण चमचा टेबलावर आडवाच ठेवायची. दवाखान्यात जायला तळ्याचा रस्ता जवळचा, पण ही लाकडाच्या वखारीवरून वळसा घालून जायला लागली. मी म्हटलं, "का गं, तळ्याला दार लावलंय का कुणी?" तिनं नुसती चप्पल घातली.

मावशी भेटलीच मग, बाजारात. आम्ही दोघी भाजी घेऊन परत येत होतो. ती पुढ्यात मोठी टोपली घेऊन बसलेली, टोपलीवर जाळी आणि आत कोंबड्या. पथ्यबाईला पाहून तिचा चेहरा फुलला.

"या बाई, या. बघा, तुमचं ऐकलं. बदकं काढून टाकली. आता कोंबड्याच. बिनतेलाच्या."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला माणूस उत्तर देतो, नाहीतर तोंड फिरवतो. हिला खरंच दाखवायचं होतं.

"तळ्याची सवय होती इतक्या वर्षांची," मावशी म्हणाली. "कोंबड्यांचं मला अजून नीट कळत नाही, मरतात मधेच. पण शिकेन. बरोबर केलं ना, बाई?"

पथ्यबाईनं हातातल्या पिशवीचा बंद पार पिळून काढला. मला वाटलं, आता सांगेल. तिनं विचारलं, "मावशी, बदक एकही नाही का राहिलं?"

"दोन आहेत. एक ते सायकली अडवणारं, त्याला कोण घेणार? ते मेल्याशिवाय माझ्याकडून जायचं नाही. दुसरं आहे. कशाला हवंय?"

"दवाखान्यात. मंगळवारी. या वेळी पैसे घ्यायचे. आणि तुम्हीपण या."

"पुढे नाही बसणार मी," मावशी म्हणाली.

बदकाची कातडी काढणं म्हणजे काय, ते मला सोमवारी कळलं. मी पाय धरले, ती सोलत होती. वीतभर कातडी निघाली की आमच्या दोघींचं बोटभर आयुष्य निघत होतं. दीर दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "त्यापेक्षा त्या बदकालाच विचारा, काढून देतं का." ती हसली नाही. बोटं सुजली तरी तुकडा तुकडा करून सगळी काढलीच.

मंगळवारी पुन्हा दोन पातेली. व्हरांडा भरलेला, कारण शिंपिणीनं सगळ्यांना सांगितलं होतं, आज परत बदक आहे, मजा येणार. मावशी मागे, खांबाला टेकून उभी. मोठे डॉक्टर दारात आले होते.

पथ्यबाईनं झाकणं काढली. एकावर घट्ट चरबी. दुसऱ्यावर नुसता पातळ तवंग. चरबीत तिनं चमचा रोवला, तो उभा राहिला.

"ओळखा, ही काय?"

"बदक," सगळ्या म्हणाल्या.

"ही कोंबडी आहे. कातडीसकट. आणि हे बदक, सोललेलं. मागच्या वेळी मी उलटं केलं होतं. सोललेल्या कोंबडीशेजारी न सोललेलं बदक ठेवलं. तसं केलं तर हवं त्याला हरवता येतं. दोन्ही सोला, मग खा. ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांनी बदक जरूर खा. त्यांना मी बंद करायला सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं."

व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली.

"म्हणजे आता कोंबडीपण बंद का?" शिंपिणीनं विचारलं, आणि सगळ्या हसल्या.

"मग ते मिठाचंपण असंच असेल," मागून कुणीतरी म्हणालं. यावर जास्त हसल्या. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली आणि ते आत गेले.

पथ्यबाईचे कान लाल झाले होते. लहानपणी मार खाल्लेल्या मुलांचे होतात तसे. "मिठाचं खरं आहे," ती म्हणाली. "आणि मावशीच्या बदकात काही खोट नव्हती. माझ्या दाखवण्यात होती. तिला तेलवाली म्हणू नका."

"आम्ही काय वाईट म्हणून म्हणतो का?" शिंपीण म्हणाली. "लाडानं म्हणतो."

वाट्या मांडल्या होत्या. पण एकीचाही हात पुढे येईना. एकदा किळस बसली की ती कानांनी उतरत नाही. काहीजणी पिशव्या उचलायला लागल्या. मीही उठले होते, म्हटलं आपणच खाऊ, भले ते बिनमिठाचं असो.

तेवढ्यात मावशी खांब सोडून पुढे आली. वाटी घेतली, बदकाचं पातळ वाढून घेतलं, आणि उभ्याउभ्या एक घोट घेतला. निघालेल्या बायका थांबल्या. मावशीनं घोट जिभेवर फिरवला.

"बाई," ती हळू म्हणाली, "मीठ नाहीये."

पथ्यबाई आत गेली. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून मिठाची बरणी घेऊन आली, आणि आपल्या हातानं त्या वाटीत चिमूट घातली. मावशीनं वाटी रिकामी केली. शिंपिणीनं एक तुकडा उचलला, नुसता हुंगला आणि परत ठेवला.

बायका गेल्यावर मावशी पातेलं उचलायला लागली. "हे मी घासते," पथ्यबाई म्हणाली आणि ते तिच्या हातातून घेतलं. दोघी अंगणातल्या नळाशी गेल्या. पथ्यबाई खाली बसून घासत होती, मावशी वरून पाणी घालत होती. मी पायरीवर बसून होते.

तळ्याच्या बाजूनं सायकलची घंटी वाजायला लागली. वाजतच राहिली. मग कुणीतरी ओरडलं, "ए तेलवाली, बदक आवर तुझं."

"आले, आले," मावशी म्हणाली, आणि तांब्या ठेवून लगबगीनं गेली.

पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं. पथ्यबाई घासत होती.